बंडगार्डनच्या पुलावरचा सिंह कुणाचा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथं उतरवून दिलंय. अडखळणं आणि 'म्हणजे, म्हणजे' तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

वाशीमहून बोलतोय.

मागच्या काही भागांत आपण जिल्ह्यातल्याच गोष्टी घेतल्या. आज जरा लांब जायचंय, पण रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. संध्याकाळी आपल्याकडून ट्रॅव्हल्स सुटते. मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, नगर. आता कुणी समृद्धीवरून जातं, पण शेवटी नगर रोडलाच लागतं. पहाटे वाघोली येते, खराडी येते, कंडक्टर ओरडायला लागतो, "येरवडा, येरवडावाले उतरा." आणि मग गाडी नदी ओलांडते. ही मुळामुठा. आपल्या भागातला माणूस पुण्यात शिरतो तो बहुतेक इथूनच. शिकायला गेलेली पोरं, कंपनीत लागलेली पोरं, दवाखान्याचे कागद पिशवीत घेऊन निघालेली म्हातारी माणसं, सगळी इथूनच.

तिथं नदीवर दोन पूल दिसतात. एकावरून तुमची गाडी जाते. शेजारी एक जुना, काळ्या दगडाचा, कमानींचा पूल आहे. त्याच्या दोन्ही टोकांना सिंह आहेत. उभे, मान वळवलेले, एक पंजा गोल चेंडूवर ठेवलेला. आज त्या सिंहांबद्दल बोलू. आणि ते कुणी घडवले, या प्रश्नाबद्दल. उत्तर सरळ नाही, म्हणूनच हा भाग करतोय.

आधी पुलाचं नाव. कागदोपत्री तो फिट्झगेराल्ड पूल. १८६७ सालचा. सर सेमूर फिट्झगेराल्ड त्या वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आले, त्यांचं नाव पुलाला मिळालं. आराखडा केला कॅप्टन रॉबर्ट सेलन यांनी. रॉयल इंजिनिअर्स, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी इंजिनिअरांच्या पथकातले. पुण्यातला या पद्धतीचा हा पहिला दगडी कमानींचा पूल.

पण पुण्यात रिक्षावाल्याला 'फिट्झगेराल्ड पुलावर घ्या' म्हणून बघा. तो तुमच्याकडे बघत राहील. लोक म्हणतात बंडगार्डनचा पूल. बरं, हे 'बंड' म्हणजे आपलं सत्तावन्नचं बंड नाही. हा बंड म्हणजे बांध. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानातून पुण्याच्या पाण्यासाठी तिथं नदीला बांध घातला गेला. बांधाशेजारी बाग झाली, ती बंडगार्डन. आता तिचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, तरी तोंडात बंडगार्डनच. गंमत बघा, 'बंद', 'बांध' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून उचलला, त्याचं 'बंड' केलं, आणि आपण तो त्यांच्याकडून परत घेतला. आपलाच शब्द, जरा चेहरा बदलून घरी आलेला. ही गोष्ट लक्षात ठेवा. सिंहाचंही असंच काहीसं आहे.

आता एक वऱ्हाडी धागा. पुलाच्या पलीकडे, येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज. त्याची दगडी इमारत याच काळातली, १८६४ ते १८६८ मधली. या कॉलेजात अकोल्याहून मॅट्रिक झालेला एक गरीब पोरगा आला होता. गोपाळ गणेश आगरकर. जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, पण मॅट्रिक अकोल्याचा. आपला आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी कित्येक वर्षं आपण अकोला जिल्ह्यात होतो. म्हणजे आपल्या भागातून शिकायला पुण्याला जाणं, नदीपलीकडच्या त्या बाजूला राहणं, हे काही आयटी पार्क झाल्यावर सुरू झालेलं नाही. टिळक आणि आगरकरांची मैत्री जमली ती तिथंच.

आणि पुलाच्या मजबुतीबद्दल एकच सांगतो. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं. ते सगळं पाणी मुठेतून शहरातून वाहत खाली आलं आणि याच नदीनं पुढं गेलं. पूल आजही उभा आहे.

तर, सिंह.

हे सिंह बघितल्यावर मनात पहिला विचार येतो तो इंग्रजांचा. त्यांच्या राजचिन्हात सिंह, नाण्यावर सिंह, मग पुलावरही सिंह, आपला रुबाब दाखवायला. इंग्रजांनी तो बसवला तेव्हा त्यांच्या मनात रुबाब असेलही. पण हा सिंह इंग्रज नाही. याला म्हणतात मेदिची सिंह. मेदिची हे इटलीतल्या फ्लॉरेन्सचं सावकार घराणं, पुढं तिथले राज्यकर्ते झाले. त्यांच्या घरचे हे सिंह.

गोष्ट अशी. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या भागात फर्दिनांदो मेदिची यांनी रोममध्ये एक वाडा घेतला, व्हिला मेदिची. बागेकडच्या दारात बसवायला त्यांच्याकडे एक जुना संगमरवरी सिंह होता. जुना म्हणजे रोमन साम्राज्याच्या काळातला, दुसऱ्या शतकातला. पण दारात एक सिंह शोभत नाही. आपल्याकडे देवळाच्या दारात एकच द्वारपाल चालतो का? जोडी लागते. म्हणून दुसरा सिंह करून घ्यायचं ठरलं. आणि ते काम मिळालं फ्लामिनिओ वाक्का नावाच्या रोमच्याच एका शिल्पकाराला.

'वाक्का' म्हणजे इटालियनमध्ये गाय. म्हणजे हा जगप्रसिद्ध सिंह घडवणाऱ्या माणसाचं आडनाव गाय. आपल्याकडे वाघमारे असतात, तसंच काहीतरी उलटं.

वाक्काचा जन्म १५३८ चा. सिंह त्यानं १५९० च्या दशकात केला. जुन्या सिंहासमोर ठेवला की आरशात बघितल्यासारखी जोडी व्हावी, असा. एकाची मान या बाजूला, दुसऱ्याची त्या बाजूला. बैठकीवर त्यानं लॅटिनमध्ये स्वतःचं नाव कोरलं, हे काम फ्लामिनिओ वाक्काचं आहे म्हणून.

आता दगडाची गोष्ट ऐका. वाक्काला मोठा संगमरवरी ठोकळा पाहिजे होता. तो मिळाला रोममधल्या ज्युपिटरच्या प्राचीन मंदिराच्या एका खांबाच्या माथ्यातून. मंदिर केव्हाच पडलं होतं, दगड होता. तो कापून त्यानं सिंह काढला. आपल्याकडे गावोगाव बघा, हेमाडपंती देवळाचा कोरीव दगड गढीच्या भिंतीत, विहिरीच्या काठावर, कधी गोठ्याच्या उंबऱ्याला बसवलेला असतो. दगड एकदा घडवला की तो वाया जात नाही, त्याला दुसरा जन्म मिळतो. रोममध्येही तेच.

आणि त्याहून मोठी गंमत. वाक्कानं १५९४ मध्ये एक टिपण लिहून ठेवलं. रोममध्ये जमिनीतून काय काय सापडलं, कुठं सापडलं, त्याचं पुढं काय झालं, अशा आठवणी. शिल्पकारानं लिहिलेलं असल्यामुळं ते अभ्यासक आजही वापरतात. त्यात तो त्या पहिल्या, जुन्या सिंहाबद्दल सांगतो की तो मुळात असा चारही बाजूंनी घडवलेला नव्हता. तो भिंतीवरच्या उठावाच्या शिल्पातला होता, म्हणजे अर्धा दगडात रुतलेला. फिएसोले गावच्या जोव्हानी शेरानो नावाच्या कारागिरानं तो मागून कोरून मोकळा केला.

म्हणजे आता मोजा. एक अनाम रोमन शिल्पकार, त्यानं उठावात सिंह केला. मग चौदाशे वर्षांनी शेरानोनं तो सोडवला. मग वाक्कानं त्याच्या जोडीचा नवा केला. त्यानंतर दोनशे वर्षं ही जोडी रोममध्ये राहिली. मेदिची घराणं संपलं, मालमत्ता दुसऱ्यांकडे गेली, आणि १७८७ मध्ये सिंह फ्लॉरेन्सला हलवले. १७८९ पासून ते तिथल्या मुख्य चौकात, लॉज्जा देई लांझी नावाच्या उघड्या कमानीदार मंडपाच्या पायऱ्यांवर आहेत. आजही आहेत.

या चौकातून युरोपभरचे लोक जायचे यायचे. सिंह सगळ्यांच्या डोळ्यात भरला. त्याच्या नकला ठिकठिकाणी झाल्या. स्टॉकहोमच्या राजवाड्यासमोर, सेंट पीटर्सबर्गच्या महालांपाशी, बागांत, जिन्यांवर, पुलांवर. आणि १८६७ मध्ये मुळामुठेच्या काठी.

आता मूळ प्रश्नावर येऊ. पुण्यातला सिंह कुणाचा?

पुलाला नाव गव्हर्नरचं. पुलाची माहिती सांगताना दुसरं नाव येतं इंजिनिअर सेलन यांचं. सिंहाचा आकार वाक्काचा, आणि वाक्काच्याही आधी त्या अनाम रोमन माणसाचा. पण पुण्यातला सिंह तर वाक्कानं केला नाही. तो गेला १६०५ मध्ये. कुणीतरी १८६७ च्या आसपास हात लावून हा सिंह केला. कुणीतरी आयाळीचा एकेक झुपका काढला, पंजाची नखं काढली, जबडा उघडा ठेवला, जीभ आतमध्ये दिसू दिली. त्या माणसाचं नाव पुलाच्या गोष्टीत येत नाही. कमानीचा एकेक दगड छिन्नीनं बसवणाऱ्या पाथरवटांची नावं येत नाहीत, तसंच हे.

हे काही इंग्रजांनीच केलं असंही नाही. आपल्या गावचंच बघा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव, त्यानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं करवून घेतलं. हे आपल्याला कसं कळलं? लेण्यात शिलालेख आहे. त्यात राजांची वंशावळ आहे, मंत्र्याचं नाव आहे. पण ज्यानं त्या डोंगराच्या पोटात शिरून खांब कोरले, बुद्धाची मूर्ती काढली, छताखाली बोदे वाकून उभे केले, त्याचं नाव त्यात नाही. आपल्या बालाजी मंदिराबद्दल विचारलं तर कुणीही सांगेल, अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलं. बरोबर आहे, पैसा त्यांचा, भक्ती त्यांची. पण खांब कुणी घडवले? गाविलगडच्या शार्दूल दरवाज्यावर हत्तींना पंजात धरणारी ती भयंकर जनावरं कुणी कोरली? ज्यांचं राज्य होतं त्यांची नावं आपण सांगतो.

आता कुणी म्हणेल, भाऊ, पुलावरचा सिंह तर नक्कल आहे. नक्कल करणाऱ्याचं कसलं नाव? यावर जरा थांबू.

आपल्याकडे विठ्ठलाची मूर्ती गावोगाव आहे. विटेवर उभा, कमरेवर हात. पंढरपूरच्या रूपावरूनच केलेली ना ती? म्हणून आपल्या गावचा विठोबा नक्कल ठरतो का? मूर्तिकार रूप परंपरेतून घेतो, पण तोंडावरचा भाव, हाताची जाडी, पोटाचा उतार हे त्याचं त्यालाच करावं लागतं. दोन गावचे विठोबा शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसेल. एक गंभीर, एक हसरा. वाक्काचा सिंह तरी काय होता? जुन्या सिंहाला जोडीदार. त्यालाही मोकळं रान नव्हतं. उंची ठरलेली, उभं राहण्याची ढब ठरलेली, चेंडू ठरलेला. त्या चौकटीत त्यानं स्वतःचा जीव ओतला, आणि आज जग मेदिची सिंह म्हटल्यावर त्याचं नाव आधी घेतं.

प्रागच्या चार्ल्स पुलाचं उदाहरण घ्या. त्या पुलावर तीस मूर्ती किंवा मूर्तींचे गट आहेत, बहुतेक अठराव्या शतकातले, त्यातले बरेच माथियास ब्राउन आणि ब्रोकोफ कुटुंबातल्या शिल्पकारांचे. वालुकाश्म पावसानं, धुरानं झिजायला लागला तेव्हा बऱ्याच मूळ मूर्ती संग्रहालयात नेल्या आणि पुलावर नकला बसवल्या. आज पुलावर उभं राहून लोक ज्या मूर्तींकडे बघतात, त्यातल्या बऱ्याच नकला आहेत. पण तिथं ब्राउनचं नाव सांगितलं जातं, ब्रोकोफचं सांगितलं जातं.

आणि अमेरिकेतलं एक उदाहरण तर थेट आपल्या सिंहाचं आहे. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या डॉक्टर अँड्र्यू अँडरसन यांनी गावाला मेदिची सिंहांची जोडी भेट दिली, इटलीतल्या कॅराराच्या संगमरवराची, फ्लॉरेन्सच्या रोमानेली यांच्याकडून करवून घेतलेली. १९२७ मध्ये तिथला पूल झाला आणि त्याचं नावच पडलं 'सिंहांचा पूल'. पुढं पुलाची मोठी दुरुस्ती निघाली. २००५ मध्ये सिंह काढून जपून ठेवले, आणि २०११ मध्ये परत आणून बसवले. नक्कलच होती. पण गावाला आपले सिंह कुठं आहेत ते माहीत होतं, आणि ते परत आले. कारण त्यांची गोष्ट लोकांना पाठ होती. दिलं कुणी, केलं कुणी, सगळं.

मला वाटतं, वस्तू जपली जाते ती अशी. तिची गोष्ट माहीत असली की. पुण्याच्या पुलाच्या शेजारी नवा पूल झाला, जुन्यावरची रहदारी तिकडे गेली, महापालिकेनं जुन्या पुलावर आर्ट प्लाझा केला. म्हणजे आता तिथं चालत जाता येतं, थांबता येतं. लोक सिंहाशेजारी फोटो काढतात. चांगलंच आहे. पण तिथं उभ्या असलेल्या दहा जणांना विचारलं की हा सिंह कुठून आला, तर किती जण फ्लॉरेन्सचं नाव घेतील? आणि ज्याची गोष्ट माहीत नाही, त्याचं नाक फुटलं तर कुणाला काय?

वाक्काबद्दल एक शेवटची गोष्ट सांगतो. मला ती सगळ्यात जास्त आवडते. त्याची समाधी रोमच्या पँथिऑनमध्ये आहे. त्याच इमारतीत रॅफेल पुरलेला आहे, एवढी ती मानाची जागा. वाक्काच्या समाधीच्या लेखात त्याची मोठी स्तुती नाही. त्याचा अर्थ साधारण असा, की इथं तो रोमन शिल्पकार आहे ज्याचं स्वतःच्या कोणत्याच कामानं कधी समाधान झालं नाही. बस. एवढंच. ज्याच्या सिंहाची नक्कल अर्ध्या जगानं केली, त्याच्या समाधीवर हे. मूर्तीला शेवटचा हात देताना आपल्याकडचा कुठलाही चांगला मूर्तिकार बघा, तो दहा वेळा मागं सरकून बघतो आणि मान हलवतो. त्याला हे वाक्य लगेच समजेल.

आता मुद्द्याचं बोलतो आणि थांबतो.

आपल्या जिल्ह्यात पुतळे उभे राहतात. चौकात, शाळेत, बाजार समितीच्या आवारात. वर्गणी होते, ठराव होतो, मिरवणूक निघते. पुतळ्याखाली कोनशिला बसते. ती कोनशिला कधी नीट वाचा. उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, विनीत कोण, कधी कधी कंत्राटदारसुद्धा. शिल्पकार? बहुतेक वेळा नाही. पुतळा बघून आपण म्हणतो, "काय डोळे काढलेत राजेहो, जिवंत वाटतात." आणि ते डोळे कुणी काढले, हे त्याच दगडावर लिहायला जागा उरत नाही.

पुण्यातच याच्या उलट उदाहरण आहे. १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला. तो अलिबागजवळच्या सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी केला. आज कलेची थोडी ओळख असलेला माणूस तो पुतळा आणि करमरकर ही दोन नावं एका दमात घेतो. सासवण्यातल्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पं बघायला लोक जातात. म्हणजे नाव टिकवायचं ठरवलं तर ते टिकतं. त्यासाठी फार काही लागत नाही, एक ओळ लागते.

तर माझी विनंती. तुमच्या गावात पुतळा, कमान, देवळाचा नवा सभामंडप, काहीही होत असेल आणि तुम्ही समितीत असाल, तर कोनशिलेचा मजकूर छापायला जाण्याआधी एकदा वाचा. त्यात एक ओळ घाला: शिल्पकार, अमुक अमुक, राहणार अमुक. पाहुण्यांची यादी एका नावानं कमी झाली तरी चालेल. आणि जुनं काम असेल, तर घडवणाऱ्याच्या घरातलं कुणी अजून गावात असेल, त्यांना विचारून ठेवा. पुढच्या पिढीला विचारायला माणूस राहणार नाही.

आणि पुण्याला जाल तेव्हा येरवड्याला उतरल्यावर लगेच रिक्षा करू नका. सकाळची वेळ असते, ऊन कोवळं असतं. जुन्या पुलापर्यंत चालत जा. सिंहाच्या मागच्या बाजूनं उभं राहा, समोरून सगळेच बघतात. शेपटीची गाठ बघा, पाठीवरची फासळी बघा. कुणाच्या तरी हाताचं काम आहे ते.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या गावात एखाद्या जुन्या शिल्पाच्या कारागिराचं नाव माहीत असेल तर कळवा, आवडेल ऐकायला.